दादाचं थाई

केतकीचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. तिचं पहिलं वाक्य होतं, "आत्या, आई सापडली आहे, ती ठीक आहे." वहिनी हरवल्या होत्या हेच मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी जरा चिडूनच विचारलं, की हरवल्या कधी आणि तेव्हा दादा काय करत होता. तेव्हा ती म्हणाली, "बाबा गेले, आत्या. सकाळी. खुर्चीत बसल्या बसल्या." दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं धुऊन वाळत घातलं आणि मगच खाली बसले. सख्खा भाऊ गेल्याचं कळल्यावर माणूस ओटा पुसत बसतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

नंतर भेटायला आलेल्यांपैकी काही जणांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांना केतकीचं नवल वाटलं. बाप गेल्याची बातमी अशी मागाहून कुणी सांगतं का? मलाही त्या दिवशी तिचा राग आला होता. आता दीड महिना होत आला आणि मला वाटतं, पोरीचं बरोबरच होतं. त्या घरात गेली काही वर्षं सकाळी डोळे उघडले की एकच प्रश्न असायचा, आई कुठे आहे. दादाला विचारता आलं असतं तर त्यानेही बातमी याच क्रमाने सांग म्हटलं असतं.

माझा दादा पंचवटीतल्या एका शाळेत संस्कृत शिकवायचा. निवृत्त झाला तोवर अर्ध्या पंचवटीने त्याच्याकडून रामः रामौ रामाः घोकून घेतलं होतं, आणि उरलेली अर्धी त्याला नावं विचारायला येत असे. बारसं असो, बंगला असो, दुकान असो, नाव सरांनीच काढून द्यायचं. एका बागायतदार विद्यार्थ्याने द्राक्षांच्या खोक्यावर छापायला नाव मागितलं तर दादाने ‘मृद्वीका’ सुचवलं. म्हणजे द्राक्षच, पण ते नाव त्या बागेतल्या कुणालाच धड उच्चारता येईना. साधा शब्द दादाला आवडतच नसे. वहिनी देवळ्याच्या, कांद्याचा व्यापार असलेल्या घरातल्या. माहेरचं नाव सुमन. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायची वेळ आली तेव्हा दादाने चांगलं ठसठशीत ‘मैत्रेयी’ लिहिलं. वहिनींचा भाऊ मात्र शेवटपर्यंत त्यांना ‘सुमे’ अशीच हाक मारायचा आणि तो आला की दादाच्या कपाळावर एक आठी यायची. तो भाऊ गेल्यावर सुमन हे नाव नाशिकमध्ये कुणाला माहीत असण्याचं कारणच उरलं नाही. दादा स्वतः तर दोन्ही नावं घेत नसे. ‘ऐकलंस का’ एवढ्यावर त्याचा सगळा संसार झाला.

वहिनींचं विसरणं दादाच्या निवृत्तीनंतर सुरू झालं. एकदा वहिनी संध्याकाळी गंगेवरच्या (आम्ही नाशिककर नदीला गंगाच म्हणतो) भाजीबाजारात गेल्या आणि अंधार पडला तरी परत आल्या नाहीत. दादाच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना कुंडाजवळ पायरीवर बसलेलं पाहिलं आणि स्कूटरवरून घरी आणून सोडलं. मी त्या दिवशी तिथेच होते. वहिनींच्या पिशवीत भाजी नव्हती आणि त्या मुलाशी त्या काहीच बोलल्या नव्हत्या. दादा त्याला म्हणाला, की अरे, तिला आरतीला बसायचं होतं, मीच सांगितलं होतं सावकाश ये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे दादाचं धोरण तिथून सुरू झालं. लग्नाकार्यात कुणी वहिनींना काही विचारलं की उत्तर दादा द्यायचा. मुंबईच्या डॉक्टरांकडे जायचं तर गावात सांगायचं, की नातेवाईकांकडे जाऊन येतो. केतकी तेव्हा थायलंडमध्ये, चिआंग माईच्या एका हॉटेलात नोकरीला लागली होती. तिने दोघांना कायमचं बोलावून घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, नशीब काढलं सरांनी. मला दिसत होतं ते वेगळंच. जिथे वहिनींना कुणी काही विचारणार नाही अशा ठिकाणी तो त्यांना घेऊन चालला होता. मी त्याला तोंडावर विचारलं, की परक्या मुलखात त्या हरवल्या तर काय करशील? तो म्हणाला, "म्हणून तर भाषा शिकणार आहे."

आणि शिकायला बसला हो. त्यांच्या घराजवळच्या वाचनालयात परदेशी निवृत्तांसाठी थाईचा वर्ग चालायचा. एक जर्मन आजोबा, दोघं जपानी नवरा-बायको, एक ऑस्ट्रेलियन बाई आणि आमचा दादा. दर रविवारी तो मला व्हिडिओ कॉल करायचा आणि पहिल्या महिन्यातच मला कळून चुकलं, की स्वारी हवेत आहे. थाई भाषेत संस्कृत शब्द पोत्याने सापडतात. वेळेला ‘वेला’, आहाराला ‘आहान’, गुरूला ‘ख्रू’. रविवार म्हणजे ‘वान आथित’, आपला आदित्यवार. बायकोला ‘फनरया’, म्हणजे सरळसरळ भार्या. "आणि तुमच्या त्या रिक्षेला सुद्धा इथे रथ म्हणतात, ‘रोत’, आहेस कुठे?" असं म्हणून तो असा हसायचा, की जणू हे सगळे शब्द त्यानेच तिकडे पाठवले होते. अर्धी भाषा आपलीच आहे, शोभा, हे वाक्य मी किती रविवार ऐकलं याचा हिशेब नाही. उरलेल्या अर्ध्या भाषेचं काय, असं मी विचारलं की म्हणे, ते बाजारातले बारीकसारीक शब्द, ते येतील आपोआप. वर्गातले बाकीचे लोक ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘दुखतंय’, ‘मदत करा’ असले धडे गिरवत होते, तेव्हा हा पुढच्या पानांवर राष्ट्र, विद्यालय आणि देवता शोधत बसलेला असायचा.

शिकवणाऱ्या बाई म्हणजे ख्रू नोक. नोक म्हणजे पक्षी. त्यांचं कागदोपत्री नाव चांगलं रत्तनाफोन, म्हणजे दादाच्या म्हणण्याप्रमाणे रत्नाभरण होतं आणि दादा त्यांना त्याच नावाने हाक मारायचा. त्या बिचाऱ्या हसून सांगायच्या, की त्या नावाने मला फक्त सरकारी कचेरीत ओळखतात. तिकडे म्हणे प्रत्येकाला एक लांबलचक नाव असतं आणि एक घरचं, खेळातलं नाव असतं, आणि माणूस हाकेला ओ देतो ते त्या घरच्या नावाला. तुमच्या मिसेसचं घरचं नाव काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा दादाने सांगितलं, तसं काही नाही.

दादा मला शब्द सांगायचा तेव्हा केतकी मला वेगळंच सांगत होती. आई फाटक उघडून बाहेर जाते. एकदा कोपऱ्यावर सापडली, एकदा मंदिरामागे. माणूस कुठे आहे ते फोनवर दाखवणारं घड्याळ तिने आणलं, तर वहिनींनी ते काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं, दागिने ठेवतात तसं. नाव-पत्ता कोरलेली पट्टी मनगटात घालू या म्हटलं तर दादा भडकला, की ती काय विमानतळावरची बॅग आहे? शेजाऱ्यांना सांगून ठेवू म्हटलं तर दोन दिवस मुलीशी बोलला नाही. शेवटी केतकीच म्हणाली, आत्या, तू ये. बाबा तुझं थोडं तरी ऐकतात. मी कार्तिक महिन्यात गेले.

वहिनी काही दिवस मला ‘वन्सं’ म्हणायच्या आणि काही दिवस, तुम्ही कोणाकडे आलात, असं विचारायच्या. त्यांची भाषा हळूहळू देवळ्याला परत चालली होती. चहाच्या कपाकडे पाहून ‘हाई काय शे?’ म्हणायच्या. दादा त्यांना समजावून सांगायचा, की मैत्रेयी, ‘हे काय आहे’ असं म्हणावं. कारण आता ‘ऐकलंस का’ने भागत नव्हतं, त्याला नाव घ्यावं लागत होतं. पण ‘मैत्रेयी’ला त्या बघायच्याच नाहीत. दादा आवाज चढवायचा, मग मला सांगायचा, की कानात मळ झालाय, डॉक्टरला दाखवायला हवं. मी म्हटलं, दादा, त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत, कुकरची शिट्टी त्यांना अंगणात ऐकू येते. यावरून आमचं चांगलंच वाजलं.

आणि मग ती पौर्णिमा आली. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला गंगेवर दिवे सोडतात, तिकडेही त्याच दिवशी सगळं गाव नदीवर जातं. केळीच्या खांबाची चकती, तिच्याभोवती केळीच्या पानाच्या दुमडलेल्या पाकळ्या, मध्ये झेंडू, उदबत्ती आणि मेणबत्ती. शेजारच्या बाईंनी असा एक दिवा दुपारीच वहिनींच्या हातात आणून दिला आणि वहिनी तो मांडीवर घेऊन ओसरीत बसून राहिल्या. केतकी हॉटेलात होती, सणाचा दिवस म्हणून तिला सुट्टी नव्हती. दिवेलागणीला दादा मला सांगत होता, की हे लोक नदीला ‘मॅ खोंगखा’ म्हणतात, म्हणजे गंगामाता, बघ, गंगाच. मला ते खरोखर ऐकावंसं वाटलं, म्हणून मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. पुन्हा मागे पाहिलं तर वहिनींची खुर्ची रिकामी होती आणि फाटक उघडं होतं.

गल्ली माणसांनी भरलेली. सगळे एकाच दिशेला चाललेले, प्रत्येकाच्या हातात तोच दिवा, तीच फुलं. म्हातारी बाई हातात दिवा घेऊन चालली आहे याचं त्या संध्याकाळी कुणाला काय वाटणार? दादाचा फोन घरी राहिला होता आणि माझ्या फोनला घराबाहेर नेट नव्हतं. चौकात काठी घेऊन उभ्या असलेल्या एका स्वयंसेवकाला दादाने गाठलं, हात जोडले आणि त्याच्या त्या शुद्ध, पाठ केलेल्या थाईत सांगितलं, की माझी भार्या, मॅ खोंगखा. त्या मुलाने अदबीने हात जोडले, हसला आणि नदीची दिशा दाखवली. भार्या गंगामातेकडे गेली, यात त्याला काळजीचं काय दिसणार, त्याची स्वतःची आईसुद्धा तिकडेच गेली असेल. मी माझ्या फोनवरचा वहिनींचा फोटो पुढे केला. आमच्या नात्यातल्या एका लग्नातला, पैठणीतला. त्याने तो पाहून कौतुकाने अंगठा वर केला. दादा पुन्हा बोलायला गेला, त्याचे ओठ हलले... आणि काही आलंच नाही. ‘हरवली’ हा शब्द त्याच्याकडे नव्हता. मला त्याच्या संस्कृतचा इतका संताप आयुष्यात कधी आला नव्हता.

मला खरी भीती वेगळीच होती आणि ती त्या मुलाला सांगायला माझ्याकडे तर एकही शब्द नव्हता. तिकडचे लोक काठावर बांधलेल्या बांबूच्या फलाटावर उकिडवे बसतात आणि दिवा अलगद पाण्यावर ठेवतात. आमच्या वहिनी तसं करणार नव्हत्या. नाशिकची बाई वरून दिवा सोडत नाही. ती पायऱ्या उतरते, पाण्यात उभी राहते, ओंजळीने पाणी डोळ्यांना लावते आणि मग दिवा सोडते. पाय भिजले नाहीत तर गंगेवर गेल्यासारखं वाटत नाही. कुंडाला दगडी पायऱ्या आहेत, धरायला साखळ्या आहेत, ओळखीचा तळ आहे. या नदीला नुसता चिखलाचा उतार होता आणि पाणी खोल होतं. मी हे दादाला धावता धावता सांगितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, कारण तोही नाशिकचाच होता.

फलाटावर त्या नव्हत्या. दादा गर्दीत शिरून ‘मैत्रेयी, मैत्रेयी’ असं ओरडत होता. चाळीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज, पण एक मान वळली नाही. मग मला त्या दिसल्या. फलाटाच्या पलीकडे, जिथे कुणी नव्हतं तिथे. निऱ्या वर खोचलेल्या, हातात पेटलेला दिवा, एक पाय पाण्यात आणि दुसरा उचललेला. आम्ही वर आणि त्या खाली, मध्ये तो ओला उतार. दादाने पुन्हा हाक मारली. त्यांनी पाऊल पुढे टाकलं, पाणी गुडघ्यापर्यंत आलं. धावत खाली गेलो तर दचकतील, न जावं तर पुढे जातील. मी दादाचा दंड धरला होता. तो एकदम गप्प झाला. मग अगदी हळू, ओरडून नव्हे, देवळ्याचा माणूस घरातून परसात हाक मारतो तशी त्याने हाक मारली, "सुमे... ए सुमे."

वहिनी वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट आपल्याला कुणीतरी शोधत आलं याचा आनंद होता. "गंगा शे ना हाई?" त्यांनी विचारलं. जन्मभर लोकांची भाषा दुरुस्त करत आलेला माझा भाऊ म्हणाला, "शे. गंगाच शे. ये आता वर." त्याने बसून, घसरत, हात पुढे केला. तोवर वरच्या एका बाईच्या लक्षात काय चाललंय ते आलं होतं. ती चपला टाकून खाली गेली आणि तिने वहिनींचं कोपर धरलं.

आम्ही एका सिमेंटच्या बाकावर बसलो. त्या बाईने वहिनींच्या साडीचा काठ पिळून दिला, काहीतरी प्रेमाने बोलली आणि निघून गेली. दादा नदीकडे बघत होता. "तो शब्द पुस्तकात होता, शोभा," तो म्हणाला. "मीच ते पान शिकलो नाही." बोलायचं खूप मनात होतं, पण तो रडत होता आणि त्याला रडताना मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा पाहत होते.

पुढच्या वर्गाला मी त्याच्याबरोबर गेले. त्याने ख्रू नोकना सांगितलं, की मला आता राष्ट्र आणि देवता नकोत, मला एवढंच म्हणायचंय: माझी बायको विसरते. तिचं नाव सुमी. ती एकटी दिसली तर नावाने हाक मारा आणि हात धरा. आमचं घर ते समोरचं. बाईंनी त्याला कागदावर काही लिहून दिलं नाही. खोलीभर फिरून प्रत्येकापाशी जाऊन म्हणायला लावलं. फनरया नको म्हणाल्या, साधं ‘मीआ’ म्हणा, आपली बायको. जर्मन आजोबा शेजारी झाले, जपानी जोडपं भाजीवालं झालं. आवाज वर गेला की बाई थांबवायच्या, पुन्हा म्हणायला लावायच्या. वर्गातल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला बाकीच्यांनी अख्खा तास मिळून ते बोलायला शिकवलं.

वाक्य आलं, पण म्हणणं जमेना. आम्ही पहिल्यांदा गेलो ते दिवा देणाऱ्या शेजारणीकडे. तिकडे, जेवलात का, असं विचारणं म्हणजे रामराम घालणं, दादाने ते विचारलं. तिच्या आंब्याच्या झाडाचं कौतुक केलं. ऊन फार आहे म्हणाला. मग नमस्कार करून सरळ परत निघाला. ती बाई फाटकाशी उभी, मी रस्त्यात उभी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं. मी फक्त ‘दादा’ एवढंच म्हटलं. तो थांबला, पाठ तिच्याकडेच, मग वळला आणि खाली बघत सगळं वाक्य म्हणून टाकलं. बाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग फाटक उघडून ती आमच्या ओसरीत आली, वहिनींच्या पायाशी बसली आणि शेवटचं अक्षर लांबवत म्हणाली, "सुमी..." वहिनींनी वर पाहिलं आणि तिच्या गालाला हात लावला.

त्यानंतर दादा थांबला नाही. रोज सकाळी एकेक घर, मग किराणावाला, फुलवाली, मंदिरातले झाडलोट करणारे, बाजारातल्या फळांच्या गाड्या. नवं माणूस दिसलं की दादा हजर. तो स्वतःही घरात सुमी म्हणू लागला. वहिनी त्यानंतरही बाहेर जायच्या, पण थोड्याच वेळात कुणीतरी हात धरून आणून सोडायचं, कधी त्यांच्या हातात केळी असायची, कधी फूल. मी निघण्यापूर्वी दादाला म्हटलं, की हे सगळं सांगायला जमलं आहे ना, मग आता नाशिकला चला, आपल्या माणसांत. तो म्हणाला, "इथे मला कुणी सर म्हणत नाही, शोभा. म्हणून जमलं. तिथे नाही जमणार मला."

त्याच गल्लीत तो गेला. त्या सकाळी रुग्णवाहिका आली, शेजारी जमले, केतकीला काही सुचत नव्हतं, आणि त्या गडबडीत वहिनी मागच्या दाराने निघून गेल्या. केतकीच्या लक्षात आलं तेव्हा ती ना बापाजवळ थांबू शकत होती ना आईला शोधायला जाऊ शकत होती. ती सांगते, की ती रस्त्यात नुसती उभी राहून रडत होती आणि तिला लांबून हाका ऐकू येऊ लागल्या. एका घरातून, मग पुढच्या घरातून, मग बाजाराकडून... "सुमी... सुमी..." फळवालीने गाडी तशीच टाकली होती. ती वहिनींचा हात धरून आली, खोलीत नेलं आणि दादाच्या शेजारी बसवलं. मग केतकीने मला फोन केला.

गेल्या पंधरवड्यात केतकी वहिनींना घेऊन नाशिकला आली आणि आता एकटी परत गेली आहे. तिकडे दिवसभर घरी कोणी नाही, तिचा इलाज नव्हता. वहिनी माझ्याकडे आहेत, कॉलेज रोडला, लिफ्ट असलेल्या इमारतीत, जिच्या फाटकाबाहेर लगेच मोठा रस्ता आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मला लिफ्टच्या दाराशी सापडल्या. भेटायला येणारे विचारतात, मैत्रेयीवहिनी कशा आहेत? आणि मी काय म्हणते? ठीक आहेत, प्रवासाने जरा दमल्यात. हे मी इतक्या सहज म्हणते, की माझा मलाच राग येतो. दादा निदान परक्या भाषेत अडला होता.

परवा सकाळी वहिनींना देवापुढे फुलं निवडायला बसवलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथला मुलगा, मुलगा म्हणजे आता पन्नाशीचा आहे, दादाचा विद्यार्थी. दार उघडल्यावर मी पाणी किती वाजता येतं ते विचारलं. लिफ्टच्या आवाजाबद्दल बोलले. बरं, येते, म्हणून वळलेसुद्धा. वाक्य मराठीत होतं, त्यातला प्रत्येक शब्द मला लहानपणापासून येत होता आणि तरी मी माझ्याच दारासमोर गप्प उभी होते. दादाला अवघड गेलं होतं ते थाई नव्हतंच, हे मला तिथे कळलं. मग मी परत वळले आणि म्हटलं, "वहिनी विसरतात रे. कुठेही जातात. एकट्या दिसल्या तर सुमी म्हणून हाक मार आणि हात धर."

"सरांच्या मिसेस आहेत त्या, आत्या," तो म्हणाला. "सुमी कसं म्हणू मी त्यांना?"

मी म्हटलं, ये. त्याला आत घेऊन आले. वहिनी झेंडूच्या पाकळ्या सोडवत बसल्या होत्या. त्याने आधी वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, काकू. मग म्हणाला, मैत्रेयीकाकू. त्यांनी मान वर केली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो गुडघ्यांवर खाली बसला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, आणि अगदी पुटपुटल्यासारखा म्हणाला, "सुमे..."

वहिनींनी वर पाहिलं आणि ओंजळभर पाकळ्या त्याच्या हातात दिल्या. उद्या मी खालच्या मजल्यावर जाणार आहे.